सिनेमा पाहताना आपल्या मेंदूत काय घडते?



गेल्या वर्षी आम्ही शाळेच्या सभागृहात पडदा लावून 'श्वास' हा चित्रपट दाखवला. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मराठीला हा मान आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मिळाला होता. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला लहानगा परश्या आणि त्याला घेऊन शहराच्या दवाखान्यात आलेले आजोबा, एवढीच त्याची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी आम्हांला सरळ विचारले, "गुरुजी, तीन तास पिक्चर दाखवण्यात घालवलेत. त्यात गणिताचे दोन धडे झाले असते की नाही?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनात राहिला. कारण त्या दिवशी आम्ही पडद्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त पाहत होतो. एरवी तासाला चार वेळा गप्प बसवावी लागणारी मुले एकाच क्षणी हसत होती आणि एकाच क्षणी चिडीचूप होत होती. आजोबा नातवाला शस्त्रक्रियेआधी जग दाखवायला बाहेर घेऊन जातात, तेव्हा पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकही बाक वाजला नाही. दीडशे मुले, दीडशे घरे, दीडशे स्वभाव. मग त्या वेळी त्यांच्या डोक्यात काय चालले होते? प्रत्येकाचे वेगळे, की सगळ्यांचे सारखेच?

या प्रश्नावर जगभरातील शास्त्रज्ञ गेली वीसेक वर्षे काम करीत आहेत. त्यांच्या हाती जे लागले ते आम्ही जमेल तेवढ्या सोप्या भाषेत येथे मांडत आहोत.

मेंदूत डोकावणारे यंत्र

प्रथम हे पाहू, की जिवंत माणसाच्या मेंदूचे काम दिसते तरी कसे? मोठ्या रुग्णालयांत एम.आर.आय. नावाचे यंत्र असते. मोठ्या नळकांड्यासारख्या या यंत्रात शक्तिशाली चुंबक असतो. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तेथे काही सेकंदांत जास्त रक्त आणि त्याबरोबर प्राणवायू धावून येतो. प्राणवायू असलेले रक्त आणि प्राणवायू सोडून दिलेले रक्त यांचे चुंबकीय गुण थोडे वेगळे असतात. हा बारीक फरक यंत्र टिपते. १९९० साली जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी हे तत्त्व दाखवून दिले. तेव्हापासून शस्त्र न लावता, सुई न टोचता, मेंदूचा कोणता भाग केव्हा कामाला लागला हे पाहता येऊ लागले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हे यंत्र विचार वाचत नाही. दुरून एखाद्या गावाकडे पाहावे आणि कोणत्या घरात केव्हा दिवा लागला एवढेच दिसावे, तसे हे आहे. घरात काय बोलणे चालले आहे ते ऐकू येत नाही.

पाच माणसे आणि एक सिनेमा

पूर्वी अशा प्रयोगांत माणसाला अगदी साध्या गोष्टी दाखवत. एक ठिपका, एक रेघ, फार तर एक चेहरा. पण आपले रोजचे जग ठिपक्यांचे नसते. म्हणून इस्राएलमधील वाइझमन संस्थेत काम करणाऱ्या युरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळाच प्रयोग केला. त्यांनी पाच जणांना, एकेकट्याला, यंत्रात झोपवून एका प्रसिद्ध चित्रपटाचा अर्ध्या तासाचा भाग दाखवला. चित्रपट होता १९६६ सालचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', म्हणजे घोडेस्वार आणि बंदूकबाजांचा. 'फक्त पाहा', याखेरीज काहीही सांगितले नाही.

मग त्यांनी एकाच्या मेंदूतील एखादी जागा घेतली. त्या अर्ध्या तासात तेथील काम केव्हा वाढले, केव्हा घटले याचा आलेख काढला. तोच आलेख दुसऱ्याच्या मेंदूतील त्याच जागेचा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की मेंदूच्या बाहेरच्या थराच्या सुमारे ३० टक्के भागात आलेख एकमेकांशी जुळत होते. माणसे वेगळी, पाहण्याची वेळ वेगळी, तरी चढ-उतार सारखे!

चेहरे ओळखणाऱ्या भागातील चढ पाहिले, तर त्या क्षणी पडद्यावर जवळून दाखवलेला चेहरा होता. इमारती आणि मोकळ्या जागा ओळखणारा भाग बाहेरची दृश्ये आली की जागा होत होता. आणखी एक भाग पडद्यावर हाताची नाजूक हालचाल दिसली की उसळत होता. जणू दिग्दर्शक पडद्यामागून एकेक बटण दाबत होता आणि पाचही घरांत एकाच खोलीतला दिवा लागत होता.

जास्त जुळले म्हणजे जास्त चांगले का?

पुढे हॅसन न्यूयॉर्कला गेले. तेथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी निरनिराळ्या चित्रफितींची तुलना केली. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या एका दूरदर्शन-कथेला मेंदूचा सुमारे ६५ टक्के भाग जुळला. घोडेस्वारांच्या चित्रपटाला ४५ टक्के. एका विनोदी मालिकेला १८ टक्के. आणि एका बागेत कॅमेरा नुसता एका जागी ठेवून घेतलेल्या चित्रणाला ५ टक्क्यांहूनही कमी.

असे का? बागेच्या चित्रणात कोणी झाडाकडे पाहते, कोणी माणसांकडे, कोणी आपल्याच विचारांत हरवते. हिचकॉकच्या कथेत तशी मोकळीक नसते. कोठे पाहायचे, कशाची भीती वाटू द्यायची, पुढे काय होईल अशी शंका केव्हा घ्यायची, हे सगळे त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

यावरून 'जास्त टक्के म्हणजे चांगला सिनेमा' असा निष्कर्ष मात्र काढू नये. संशोधकांनीही तो काढलेला नाही. हे माप चित्रपटाच्या पकडीचे आहे, त्याच्या गुणाचे नाही. पकड जाहिरातीचीही असते आणि द्वेष पसरवणाऱ्या चित्रफितीचीही असते. म्हणूनच मुलांच्या हातात मोबाईल देणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, असे आम्हांला वाटते.

सोळा वर्षांनी मिळालेले उत्तर

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, 'ठीक आहे, पण याचा उपयोग काय?' त्यासाठी कॅनडातील एक हकीकत सांगतो.

एका रुग्णाने सोळा वर्षे कशालाच प्रतिसाद दिला नव्हता. डोळे उघडे असत, पण हाक मारली तर नजर वळत नसे, हात दाब म्हटले तर हात हलत नसे. आत कोणी आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. लोरिना नासी, एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला यंत्रात ठेवून हिचकॉकची तीच कथा थोडी लहान करून दाखवली. त्या कथेत पाच वर्षांचा एक मुलगा काकांच्या सामानातील खरे पिस्तूल खेळण्यातले समजून गावभर फिरतो. त्यात गोळी आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. तो ज्याच्यावर पिस्तूल रोखतो तो माणूस हसतो आणि आपला श्वास अडकतो.

आधी निरोगी माणसांना ही कथा दाखवून त्यांचे आलेख काढले होते. कथा समजून घेण्यासाठी, पुढचा धोका ओळखण्यासाठी मेंदूचे जे भाग लागतात, त्या भागांत या रुग्णाचा आलेख निरोगी माणसांच्या आलेखाशी जुळला! जेथे आपला श्वास अडकतो, तेथेच त्याचाही मेंदू धावत होता. म्हणजे तो आत होता. पाहत होता, समजत होता, फक्त सांगू शकत नव्हता. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासातील दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र असा मेळ दिसला नाही, हेही सांगायला हवे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी घरातील लोक बोलत राहतात. 'त्याला काय कळतंय?' असे कोणी म्हटले, तरी आई बोलायची थांबत नाही. आईचे ते बोलणे दर वेळी व्यर्थ नसते, एवढे तरी या अभ्यासाने दाखवले.

आपल्या सीमाभागासाठी एक प्रयोग

आता आपल्या अगदी जवळचा विषय. आपल्या नंदगडात घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही, कोणाकडे कोंकणी, कोणाकडे उर्दू. 'श्वास' पाहताना आमच्या शेजारी बसलेल्या एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात. तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिच्या पलीकडे बसलेल्या मराठी घरातल्या मैत्रिणीचेही भरले होते. मग भाषेचे काय?

हॅसन यांच्या गटाने यावरही काम केले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्रजी भाषिकांना एक गोष्ट इंग्रजीत ऐकवली आणि रशियन भाषिकांना तिचाच रशियन अनुवाद ऐकवला. नुसता आवाज टिपणारे मेंदूतील भाग जुळले नाहीत. ते साहजिकच आहे, कारण दोन्ही भाषांचे आवाज निराळे. पण अर्थ लावणारे, गोष्टीचा धागा पकडणारे जे वरचे भाग आहेत, ते जुळले. कान वेगळ्या वाटेने गेले, मन एकाच मुक्कामाला पोहोचले.

याला दुसरी बाजूही आहे. याच गटाच्या २०१० सालच्या अभ्यासात, गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांचे मेंदू जुळतात असे आढळले होते. पण रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तेव्हा तो मेळ नाहीसा झाला. म्हणजे अर्थ सर्वांचा एक असू शकतो, पण त्याच्यापर्यंत जायला आपल्याला समजणारी भाषा लागते. मुलाला आपल्या भाषेत शिकू द्या, असे आपल्या संस्थेतील जुनी मंडळी सांगत आली, त्याला या प्रयोगाने बळच मिळते. आणि शेजाऱ्याचीही भाषा शिकून घ्या, म्हणजे त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचेल, हेही त्यातूनच निघते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. पुढच्या वर्षी तो इटलीतील व्हेनिस येथे दाखवला गेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. तेथील परीक्षकांना आपला अभंग ठाऊक नव्हता, इंद्रायणी ठाऊक नव्हती. तरी काहीतरी पोहोचलेच.

सांगणाऱ्याच्या तोंडून पाहिलेला सिनेमा

गावातील वडीलधाऱ्यांना जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवत असेल. सर्वांनाच तिकिटाला पैसे मिळत नसत. मग चौघांपैकी एकजण पाहून यायचा आणि दुसऱ्या दिवशी गुरे चारताना किंवा पारावर बसून बाकीच्यांना सगळा पिक्चर सांगायचा, मारामारीच्या आवाजासकट! ऐकणाऱ्यांनाही तो पाहिल्यासारखाच वाटायचा.

हे वाटणे अगदी पोकळ नव्हते. २०१७ सालच्या एका अभ्यासात काहींनी एका मालिकेचा भाग पाहिला आणि आठवून तो तोंडी सांगितला. ज्यांनी तो कधीच पाहिला नव्हता त्यांना ते सांगणे ऐकवले. पाहणाऱ्याच्या मेंदूत प्रत्येक प्रसंगाची जी ठेवण उमटली होती, तिच्याशी मिळतीजुळती ठेवण ऐकणाऱ्याच्याही मेंदूत दिसली. म्हणून आजीला गोष्ट सांगायला लावा आणि आजीला गोष्ट सांगाही. तो वेळ वाया गेला असे समजू नका.

मात्र सांगणाऱ्याने आधी काय कानावर घातले आहे, यावर बरेच अवलंबून असते. दुसऱ्या एका प्रयोगात एकच कथा दोन गटांना ऐकवली. त्यात एक नवरा रात्री मित्राला फोन करून, बायको घरी आली नाही म्हणून काळजी करतो. एका गटाला आधी सांगितले, की बायको खरोखरच त्याला फसवते आहे. दुसऱ्याला सांगितले, की नवरा उगाच संशयी आहे. शब्द तेच, आवाज तोच. पण मेंदूचे आलेख आपापल्या गटात जुळले आणि दुसऱ्या गटापासून वेगळे पडले. एखाद्या मुलाविषयी, एखाद्या गल्लीविषयी, एखाद्या समाजाविषयी आपण मुलांच्या कानात आधी जे भरतो, त्याच चष्म्यातून ती पुढचे सारे पाहतात. हे आम्हा शिक्षकांनीही विसरू नये.

वर्गात काय घडते?

न्यूयॉर्कमधील एका शाळेत बारा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर मेंदूतील विद्युतलहरी टिपणाऱ्या हलक्या पट्ट्या बसवून, एका सत्रातील अकरा तासांना त्यांचे निरीक्षण केले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या तासात मुले रमली, त्या तासात त्यांच्या लहरी एकमेकींशी जास्त जुळल्या. तास सुरू होण्याआधी ज्यांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहिले होते, त्यांचा मेळही अधिक दिसला.

हृदयाच्या ठोक्यांचेही असेच आहे. २०२१ सालच्या एका अभ्यासात, एकेकटे बसून एकच गोष्ट ऐकणाऱ्यांचे ठोके गोष्टीतील त्याच त्याच जागी वाढले आणि कमी झाले. पण ऐकताना मनातल्या मनात उलटे आकडे मोजायला सांगितले, तेव्हा हा मेळ कमी झाला आणि गोष्टही नीट आठवेना. अर्धे लक्ष मोबाईलकडे ठेवून अभ्यास करणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा!

घरी करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे ते महागडे यंत्र नाही. पण कागद-पेन्सिल आहे. असे करा:

१. वीस मिनिटांची एखादी चित्रफीत निवडा. ती आधी कोणीही पाहिलेली नसावी.
२. प्रत्येकाने कागदावर १ ते २० आकडे लिहावेत. एकाने घड्याळ पाहून दर मिनिटाला हळूच आकडा पुकारावा.
३. ज्या मिनिटाला हसू आले तेथे 'ह', भीती वाटली तेथे 'भ', वाईट वाटले तेथे 'व' लिहावे. दुसऱ्याच्या कागदात पाहू नये.
४. शेवटी कागद शेजारी ठेवून किती जागा जुळल्या ते मोजा.
५. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लांबीची दुसरी चित्रफीत घ्या, पण या वेळी निम्म्या जणांनी पाहता पाहता शंभरपासून उलटे मोजावे. आता किती जुळले?

आई-वडील, आजी-आजोबा यांनाही सामील करून घ्या. जेथे जुळले नाही तेथे थांबा आणि विचारा, "आजी, तुला इथे का वाईट वाटलं?" आमचा अनुभव असा, की खरी गंमत न जुळलेल्या जागीच असते. आजीला काहीतरी आठवलेले असते, जे तुम्हांला ठाऊक नसते. आपले कागद वर्गशिक्षकांकडे आणून द्या. विज्ञान मंडळातर्फे त्यांचा एकत्र तक्ता करून फलकावर लावू.

शेवटी आपल्या त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. गणिताचे दोन धडे झाले असते, हे खरे आहे. ते आम्ही पुढच्या आठवड्यात जादा तास घेऊन पूर्ण केले. पण त्या तीन तासांत वेगवेगळ्या गल्ल्यांतली, वेगवेगळ्या भाषांची, एरवी वेगवेगळ्या घोळक्यात डबा खाणारी दीडशे मुले एका आजोबांच्या दुःखात एकत्र होती. हे जादा तास घेऊन भरून काढता येत नाही. म्हणून यंदाही एक चित्रपट दाखवण्याचे ठरले आहे. पालकांनी जरूर यावे आणि येताना मोबाईल बंद करून खिशात ठेवावा, ही नम्र विनंती.